नाझरेथचा बाप, देवनारचा बाप



नाताळचा गोठा अजून देवळात तसाच आहे आणि आज आपण पवित्र कुटुंबाचा सण साजरा करीत आहोत. या सणाच्या दिवशी बहुतेक वेळा आईविषयी बोलले जाते आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र फादरांनी सुचविले की, या पानावर एखाद्या बापाने लिहावे. मी धर्मशास्त्र शिकलेला माणूस नाही. तिन्ही पाळ्यांत काम करणारा, दोन मुलांचा बाप आहे. तेव्हा जे मला थोडेफार कळते त्याविषयीच, म्हणजे बापांविषयी लिहितो. आयांनी रागावू नये.

आजच्या शुभवर्तमानात (मत्तय २:१३-१५, १९-२३) संत योसेफ झोपलेले आहेत. देवदूत स्वप्नात येऊन सांगतो की, बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन इजिप्तला पळून जा, हेरोद बाळाच्या जिवावर उठला आहे. योसेफ उठतात आणि रात्रीच निघतात. ते कुणाशी चर्चा करीत नाहीत, देवाला एकही प्रश्न विचारीत नाहीत. संत मत्तयाने योसेफांची चार स्वप्ने सांगितली आहेत, परंतु चारही शुभवर्तमाने शोधली तरी योसेफांच्या तोंडचा एक शब्द सापडत नाही. देवाच्या पुत्राला ज्याने बोट धरून चालायला शिकवले, त्या माणसाचे एकही वाक्य कुणी लिहून ठेवलेले नाही. स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवसाला गल्लीच्या तोंडाशी बॅनर लावणाऱ्या आपल्या काळात यावर थोडा वेळ थांबायला हरकत नाही.

पोप फ्रान्सिस यांची या झोपलेल्या योसेफांवर फार भक्ती होती. जानेवारी २०१५ मध्ये मनिला येथे कुटुंबांच्या मेळाव्यात त्यांनी सांगितले होते की, आपल्या मेजावर झोपलेल्या संत योसेफांची मूर्ती आहे आणि काही अडचण आली की ती एका चिठ्ठीवर लिहून आपण त्या मूर्तीखाली ठेवतो. पोपमहोदयांनासुद्धा अडचणी येतात आणि त्याही मूर्तीखाली सरकवाव्या लागतात, हे वाचून माझ्यासारख्याला धीर आला. माझ्या चिठ्ठ्या बहुधा शाळेच्या फीच्या आणि घरभाड्याच्या असत्या.

इजिप्तहून परतल्यावर हे कुटुंब कुठे राहिले? नाझरेथला. राजधानीत नाही, मंदिराजवळ नाही, तर एका अशा खेड्यात, ज्याचे नाव काढताच लोक नाक मुरडत. फिलिपने नथनेलला येशूविषयी सांगितले तेव्हा नथनेलने लगेच विचारले की, नाझरेथमधून काही चांगले निघू शकते काय (योहान १:४६). हा प्रश्न देवनारकरांना समजावून सांगायला नको. नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना आपली कितीतरी मुले 'चेंबूर' लिहितात. लग्न जुळवताना पाहुण्यांना 'चेंबूरच्या थोडे पुढे' असे सांगितले जाते. मुंबईचा कचरा १९२७ सालापासून आपल्या दाराशी येऊ लागला, १९७१ साली कत्तलखाना आला, आणि वारा फिरला की संध्याकाळी खिडकी लावून घ्यावी लागते. जानेवारी २०१६ मध्ये डम्पिंगला आग लागली तेव्हा धूर इतका होता की महापालिकेला आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुले खोकत होती आणि आम्ही ओल्या फडक्यांनी खिडक्यांच्या फटी बुजवत होतो. देवनारमधून काही चांगले निघू शकते काय?

पोप सहावे पॉल ५ जानेवारी १९६४ रोजी नाझरेथला गेले होते. तेथील त्यांच्या प्रवचनाचा भाग आजही पवित्र कुटुंबाच्या सणाच्या दिवशी धर्मगुरूंच्या प्रार्थनाविधीत वाचला जातो. नाझरेथ ही एक शाळा आहे, असे त्यांनी सांगितले. त्या शाळेत तीन धडे आहेत : मौनाचा, कुटुंबजीवनाचा आणि श्रमाचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी ते आपल्या मुंबईत आले होते. आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांनी त्यांना तेव्हा प्रत्यक्ष पाहिलेही असेल. मला त्या तीन धड्यांतला मौनाचा धडा नेहमी नवलाचा वाटतो. प्रभू येशू तेहेतीस वर्षांच्या आयुष्यातील तीस वर्षे त्या शाळेत राहिले. त्या तीस वर्षांविषयी शुभवर्तमानांत फार थोडे लिहिलेले आहे, कारण लिहिण्यासारखे काही घडले नाही. पाणी भरणे, लाकूड तासणे, भाकरी, शब्बाथ, पुन्हा पाणी. देवाला ते कमी वाटले नाही.

मौनाचा धडा मी घरीच पाहिला. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातून मुंबईला आले. (आता त्या जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात, पण अण्णांच्या तोंडून ते कधी निघायचे नाही.) त्याआधी ते दुष्काळी कामावर खडी फोडत होते, पगाराबरोबर मिळणारी सुकडी खात होते. आजही कुणी सुकडी हा शब्द उच्चारला तर ते उठून दुसऱ्या खोलीत जातात. मुंबईत आधी नाक्यावरचे बिगारी, मग एका कारखान्यात हेल्पर. इजिप्तमध्ये योसेफांना काम कुठे मिळाले, ते कोणाच्या ओट्यावर झोपले, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. पण आपल्यातील ज्या कुटुंबांचे वाडवडील नगर, जालना, औरंगाबादकडून असे निघून आले, त्यांना त्याची कल्पना करायला फार वेळ लागत नाही. दरवर्षी सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जायचे, एवढीच अण्णांची चैन होती. ते आम्हाला श्रद्धा म्हणजे काय हे कधी बोलले नाहीत. रात्री कामावरून आल्यावर हातपाय धुऊन भिंतीकडे तोंड करून गुडघे टेकायचे आणि आम्ही चौघे भावंडे त्यांच्या पाठीकडे बघत झोपी जायचो. माझा कॅटेकिझम त्या पाठीवर लिहिलेला होता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मानखुर्दहून वाशीला जाणारी हार्बरची गाडी खाडीच्या पुलावर आली की लोक साधारण मोबाइलमध्येच असतात. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. खिडकीची जागा मिळाली होती म्हणून ती बाहेर पाहत होती. ओहोटी होती. तिने विचारले, "पप्पा, त्या चिखलात एवढी गुलाबी फुले कोणी लावली?" ती फुले नव्हती, फ्लेमिंगो होते. त्यांना आपल्याकडे रोहित पक्षी म्हणतात, कोणी अग्निपंखही म्हणतात. तिला मी तसे सांगितले. पण त्या डब्यातील उरलेली माणसे खाली मान घालून वाशीला उतरली आणि एका सहा वर्षांच्या मुलीला तेवढा चमत्कार दिसला, हे माझ्या डोक्यातून जाईना. प्रभूने लहान मुलांना मध्ये उभे करून मोठ्यांना काय सांगितले ते आपल्याला पाठ आहे. ते कशासाठी सांगितले, हे मला त्या गाडीत थोडे कळले.

पुढे ऐरोलीहून होडी निघते असे कळल्यावर एका सुट्टीत आम्ही सगळे गेलो, अण्णांसकट. होडीतल्या मार्गदर्शकाने पुष्कळ माहिती दिली आणि ती मी नंतर वाचूनही पाहिली. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. साधारण हिवाळ्यात हे पक्षी येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. त्यांची घरटी इथे नसतात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. काही वर्षी त्यांची संख्या एक लाखाच्या वर मोजली गेली आहे. तेही आपल्यासारखेच पोटापाण्यासाठी मुंबईला येतात. आमच्या अण्णांना ही गोष्ट फार आवडली. "म्हंजी हे बी दुष्काळीच," असे ते म्हणाले.

पण खरे नवल पुढे आहे. हा पक्षी जन्मतः गुलाबी नसतो. पिलू राखाडी रंगाचे असते आणि त्याला रंग यायला दोन-तीन वर्षे लागतात. तो रंग येतो खाण्यातून. खाडीच्या चिखलात आणि पाण्यात जे सूक्ष्म शेवाळ वाढते त्यात रंगद्रव्य असते. पक्षी मान खाली घालून, चोच उलटी करून, पाणी गाळून ते खातो आणि हळूहळू गुलाबी होतो. आपल्या खाडीत हे शेवाळ एवढे का वाढते? शहराचे सांडपाणी खाडीला मिळते, त्यामुळे शेवाळाला खत मिळते, असे अभ्यासक सांगतात. सांडपाणी चांगले असे मला मुळीच म्हणायचे नाही. तेच वाढत गेले तर एक दिवस पक्षी येणार नाहीत, असेही तेच अभ्यासक बजावतात आणि डम्पिंगच्या धुराला पवित्र ठरवणारे प्रवचन मला करायचे नाही. मी फक्त एवढेच पाहिले की, ज्या पाण्याकडे पाहून आपण खिडकी लावतो, त्याच पाण्यात मान घालून कोणीतरी हा रंग मिळवला आहे. नथनेलला त्या होडीत बसवायला हवे होते.

आणि यापुढची गोष्ट ऐकून तर मी होडीत गप्पच झालो. फ्लेमिंगोची मादी एका वेळी एकच अंडे घालते. पिलू बाहेर आले की आई आणि बाप दोघेही त्याला आपल्या गळ्यातील अन्ननलिकेत तयार होणारे एक प्रकारचे दूध पाजतात. नीट वाचा : बापसुद्धा. हे दूध लाल असते, कारण आईबापांच्या अंगातील तेच रंगद्रव्य त्यात उतरते. पिलू वाढत जाते आणि आईबापांचा गुलाबी रंग फिका पडत जातो. काही पक्षी तर जवळजवळ पांढरे दिसू लागतात. पिलू स्वतः खायला लागले की मग हळूहळू त्यांचा रंग परत येतो. मी सहज अण्णांकडे पाहिले. ते खाडीकडे पाहत होते. त्यांच्या कानाशी होडीच्या आवाजामुळे त्यातले काही पोहोचले की नाही, मला ठाऊक नाही.

जुन्या चर्चमध्ये वेदीवर किंवा पवित्र पेटीच्या दारावर कधी कधी एक पक्षी कोरलेला दिसतो. तो आपल्या छातीत चोच खुपसून पिलांना रक्त पाजत असतो. तो पेलिकन. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ख्रिस्तशरीराच्या आराधनेसाठी रचलेल्या गीतात प्रभू येशूला या पेलिकनची उपमा दिली आहे. पेलिकन खरोखर असे करीत नाही, ती एक जुनी समजूत आहे. फ्लेमिंगो पिलाला लाल दूध पाजताना कोणीतरी दुरून पाहिले असावे आणि त्यातूनच ही समजूत निघाली असावी, असा काही जणांचा तर्क आहे. ते खरे असो की नसो, मी आता मिस्सामध्ये धर्मगुरू भाकर उंचावतात तेव्हा मला आपली खाडी आठवते. 'हे माझे शरीर आहे' याचा अर्थ एखाद्या बापाला समजून घ्यायचा असेल तर त्याने रंग देऊन फिक्या पडलेल्या त्या पक्ष्याकडे पाहावे. प्रभूने आपल्याला वाटून दिले ते स्वतःजवळ उरलेसुरले नव्हते.

इथे आपल्या धर्मग्रामातील पुरुषांना दोन शब्द बोलायचे आहेत आणि मी त्यांच्यातलाच आहे म्हणून बोलतो. रविवारी मिस्साच्या वेळी आपल्यापैकी कितीजण आत असतात आणि कितीजण बाहेर मोटारसायकलींच्या बाजूला उभे राहून लाउडस्पीकरवर मिस्सा 'ऐकतात'? विभागातील रोझरीला पुरुष किती येतात? श्रद्धा हे बायकांचे खाते आणि पगार हे आपले खाते अशी वाटणी आपण केली आहे. फी भरली, रेशन आणले, मोबाइलला रिचार्ज मारला, म्हणजे बापाचे काम झाले असे आपल्याला वाटते. पैसा लागतो, ते मला कुणी सांगायला नको. पण मुलाच्या अंगात उतरतो तो बापाचा रंग. बाप ज्या गोष्टीसाठी फिका पडला ती मुलाला आयुष्यभर आठवते. आणि एक गोष्ट कटू आहे तरी लिहितो. आपल्या वस्तीत काही घरांत बाप फिका पडतो तो दारूने, आणि त्या फिकेपणातून पिलाला काहीच मिळत नाही. त्या घरांतील मुले देवळात पुढच्या बाकावर बसतात. आपण सर्व त्यांना ओळखतो. संत योसेफ एका दुसऱ्याच्या पुत्राचे बाप झाले, हे त्यांच्याकडे पाहताना आठवावे. अशा एखाद्या मुलाला नाताळच्या सुट्टीत आपल्या मुलांबरोबर खाडीवर नेले तर गाडीचे भाडे काही फार होत नाही.

आश्चर्य वाटणे आणि श्रद्धा असणे यांत फार अंतर नाही असे मला वाटते, आणि म्हणूनच जेव्हा आश्चर्याला तडा जातो तेव्हा श्रद्धेलाही धक्का बसतो. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर फ्लेमिंगोंचा एक थवा उतरणाऱ्या विमानाला धडकला. चाळीसच्या आसपास पक्षी मेले. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेल्या पक्ष्यांची चित्रे सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. माझ्या मुलीने ती पाहिली. ती आता मोठी झाली होती, दृढीकरणाची तयारी करीत होती. तिने मला विचारले, "पप्पा, वर्गात सांगितले की एक चिमणीसुद्धा पित्याला ठाऊक नसताना जमिनीवर पडत नाही. मग हे चाळीस पडले तेव्हा तो काय करत होता?"

मी तिला घाईने उत्तर दिले नाही, कारण माझ्याकडे नव्हते. संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील ते वचन (१०:२९) आम्ही दोघांनी काढून पुन्हा वाचले. चिमणी पडणारच नाही असे प्रभू तेथे म्हणत नाहीत. ती पडते. पण पडते ती पित्याच्या नजरेबाहेर नाही. मुलीला हे पुरेसे वाटले नाही आणि मला तिला गप्प करायचे नव्हते. आजच्या शुभवर्तमानातील कथेलाही बेथलेहेमची एक बाजू आहे, जिच्याविषयी आपण गोठ्यात काही ठेवत नाही. एक बाळ रात्री निसटले, परंतु बाकीची बाळे हेरोदाच्या शिपायांच्या हाती सापडली. त्यांच्या आया रडल्या आणि त्यांचे सांत्वन होऊ शकले नाही, असे संत मत्तय लिहितो आणि तिथे कसलेही स्पष्टीकरण देत नाही. योसेफांना इजिप्तमध्ये ही बातमी कळली असेल तर त्या रात्री ते कसे झोपले असतील? त्यांचे मौन मला त्या ठिकाणी सर्वांत जास्त समजते. आणि तेच निसटलेले बाळ तीस-बत्तीस वर्षांनी जेरुसलेमबाहेर क्रुसावर पडले, तेव्हा त्याला सोडवायला कोणताही देवदूत स्वप्नात आला नाही. पिता काय करत होता हा मुलीचा प्रश्न आपल्या प्रत्येक क्रुसाच्या वाटेवर चौदा ठिकाणी विचारला जातो. मी तिला एवढेच सांगितले की, तू विचारतेस ते प्रभूनेही क्रुसावरून विचारले आहे, तेव्हा तू देवळाबाहेर गेलेली नाहीस, अगदी आत आहेस.

ती त्यावर काही बोलली नाही. दृढीकरण तिने घेतले.

आमच्या घरी रात्री जेवणानंतर छोटी प्रार्थना होते. पंधरा मिनिटांची, कधी दहाच, पाळी रात्रीची असली तर मी फोनवरून. प्रत्येकाने एक विनंती मांडायची आणि बाकीच्यांनी 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हणायचे. मुलाची विनंती परीक्षेची असते, बायकोची तिच्या आईच्या मधुमेहाची. त्या मे महिन्यापासून मुलगी दररोज एक विनंती करते : खाडीतल्या पक्ष्यांसाठी, आणि त्यांना वाट चुकू नये म्हणून. पहिल्या दिवशी मुलगा हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांना आता ऐकू कमी येते आणि कोण काय मागते हे बहुधा कळत नाही, तरी ते सर्वांच्या आधी आणि सर्वांत मोठ्याने म्हणतात, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."